दहा लिटरला तीनशे ग्रॅम

बादलीत अंडं सोडायला सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या सरांनी, नेमकं मलाच पुढे बोलावलं. एप्रिलचा दुसरा आठवडा होता, तोक्योत उतरून मला पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. शेडमध्ये गारठा असा, की पाण्यातून हात बाहेर काढला तर बोटं दुसऱ्याच कुणाची तरी वाटायची. दहा लिटर पाणी आणि त्यात दोन किलोच्या वर मीठ. दांड्याने ढवळून ढवळून खांदे भरून आलेले. पहिल्यांदा सोडलं तेव्हा अंडं तळाशी जाऊन टोकावर उभं राहिलं. मग आणखी दोन मुठी मीठ पडलं, पुन्हा ढवळणं झालं, आणि दुसऱ्या खेपेला ते वर येऊन आडवं झालं. पाठीचा रुपयाएवढा तुकडा तेवढा पाण्याबाहेर, बाकी सगळं आत. "योशी," सेन्सेई म्हणाले. म्हणजे जमलं. द्रावण साध्या पाण्याच्या १.१३ पट जड झालं होतं. मोजायची काचेची नळी शेजारी टेबलावर पडलेली होतीच, पण त्यांचा भरवसा अंड्यावर जास्त दिसला.

मग त्यात भाताचं बी ओतलं. भरलेले दाणे सर्रकन तळाला गेले आणि हलके, पोचट, अर्धवट भरलेले वर येऊन पिवळा तवंग धरून बसले. तो तवंग गाळणीने काढायचा आणि तळाचं बी मीठ जाईपर्यंत धुऊन घ्यायचं, एवढंच काम. ते चालू असताना सेन्सेईंनी सहज मान वर केली आणि मला विचारलं, "इंदो देवा?" भारतात कसं करता? एक व्हिएतनामी मुलगी, दोन थाई मुलगे आणि बाकीची जपानी पोरं हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणाले, "शिमासेन." करत नाही.

"नारुहोदो," म्हणजे 'अस्सं', असं म्हणून त्यांनी मान हलवली आणि गाळणी पुढच्याच्या हातात दिली.

याला प्रसंग तरी कसं म्हणायचं? कुणी हसलं नाही, कुणी दुखावलं नाही, पाच मिनिटांत सगळे बेंतोचे डबे उघडून बसले. पण ते 'शिमासेन' माझ्याबरोबर ओदाक्यू लाइनच्या गाडीत बसून क्योदो स्टेशनपर्यंत आलं, तिथून दुकानांच्या गल्लीतून वसतिगृहापर्यंत आलं आणि रात्री उशाशी बसून राहिलं. ज्या भाषेत आपल्याला जेमतेम दोनशे शब्द येतात, त्या भाषेत खोटं बोलणं फार सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं. 'हो' म्हटलं असतं तर पुढे कसं, किती, कधी, हे सगळं आलं असतं. 'नाही'च्या पुढे प्रश्न येत नाही. पण हे झालं वरवरचं कारण. खरं कारण असं, की त्या क्षणी मला मनापासून वाटलं होतं, आमच्याकडे असलं काही करत नाहीत. 'आमच्याकडे' म्हटल्यावर डोळ्यांसमोर आले ते बाबा, संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीतल्या पडवीत, सुपात बी घेऊन बसलेले. त्या चित्रात बादली नव्हती, मीठ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुठलं ज्ञानही नव्हतं.

गंमत म्हणजे दापोलीला शेतकीच्या दुसऱ्या वर्षाच्या पेपरात मीच लिहिलं होतं: भाताचे बियाणे पेरणीपूर्वी तीन टक्के मिठाच्या द्रावणात बुडवावे, तरंगणारे काढून टाकावे, तळाचे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. चांगले गुण पडले होते. ते वाक्य पुस्तकातून माझ्या वहीत आलं, वहीतून पेपरात गेलं आणि तिथून कुठेच गेलं नाही. पेरणीच्या दिवसांत मी नेहमी हॉस्टेलवर असायची, नाहीतर परीक्षा असायची, आणि घरी असले तरी "तू अभ्यास कर गो" म्हणून मला पडवीतून उठवलं जायचं. शेतकऱ्याची मुलगी शेती शिकत होती, आणि शेतावर मात्र तिला कुणी येऊ देत नव्हतं. आमच्या भागात हे इतकं सर्रास आहे, की त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला फोन लावला. घरी तेव्हा पाच वाजलेले, मागे म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. म्हटलं, "बाबा, तुम्ही बी मिठाच्या पाण्यात घालता काय?"

"म्हंजे काय गो? घालतो तर. धा लिटरला तीनशे ग्राम."

"कधीपासून?"

"तू सातवी-आठवीत अससील. कृषी सहायक आलेला, त्याने देवळात बादली घेऊन सगळ्यांस्नी दाखवलान. तवापास्नं दरसाल." आणि मग जरा थांबून, "तुमास्नी तिकडं ह्येच शिकवतात?"

मी त्यांना दोन किलो मिठाचं सांगितलं, अंड्याचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "एवढं मीठ घातलं तर माझं अर्धं बी वर येल गो. मग मी लावू काय?"

ते वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आठवड्याने मोची भाताच्या बियाण्याची पाळी आली, तो चिकट भात, ज्याचे नव्या वर्षाला कुटून गोळे करतात. त्या दिवशी सेन्सेईंनी मीठ बरंच कमी घातलं, १.०८ एवढंच. का, असं विचारल्यावर म्हणाले की मोचीचा दाणा मुळातच हलका. त्याला साध्या भाताची परीक्षा लावली तर चांगलं बीसुद्धा नापास होईल. कुसळाच्या जातींनाही पाणी जरा हलकंच ठेवतात. म्हणजे बुडणं आणि तरंगणं जेवढं दाण्यावर, तेवढंच बादलीत मीठ किती पडलं त्यावर. बाबा तेच म्हणाले होते. फक्त त्यांनी घनतेचा आकडा सांगितला नव्हता.

माझं विद्यापीठ तोक्योच्या सेतागाया भागात. लोक त्याला नुसतं 'नोदाई' म्हणतात, म्हणजे कृषी विद्यापीठ, जसं आपण 'दापोली' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. १८९१ साली एनोमोतो ताकेआकी या माणसाने ते सुरू केलं. हा आधी शोगुनच्या, म्हणजे जुन्या लष्करी राज्यकर्त्याच्या, बाजूने नौदल घेऊन नव्या सरकारशी लढला, हरला, तुरुंगात गेला आणि पुढे त्याच सरकारात मंत्री झाला. पण विद्यापीठात नाव निघतं ते पहिले अध्यक्ष योकोई तोकियोशी यांचं. भाताबद्दल भातालाच विचारा आणि शेतीबद्दल शेतकऱ्याला, हे त्यांचं वचन आल्या आल्या आम्हाला ऐकवलं गेलं होतं. पाहुण्या विद्यार्थ्यांना ऐकवण्यासारखं सुभाषित म्हणून मी ते वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतलं. आणि मग मे महिन्यात कधीतरी कळलं की मिठाच्या पाण्यात बी निवडायची ती पद्धत याच योकोईंची. १८८२ साली, फुकुओकाच्या शेतकी शाळेत मास्तर असताना, वय अवघं बावीस. म्हणजे मी ज्या बादलीसमोर उभी राहून 'करत नाही' म्हणाले, ती बादली याच माणसाची. तिथून ती कुठल्या वाटेने संगमेश्वराच्या देवळात पोचली, की आमच्याकडे कुणी ती वेगळीच शोधली, कोण जाणे. मी वहीचं ते पान उघडून बघितलं आणि मिटलं. पहिल्या परीक्षेला मी कुणालाच विचारलं नव्हतं, ना भाताला ना शेतकऱ्याला.

जपान्यांचं बियाण्याचं पुढचं काम मला फार आवडलं. धुतलेलं बी जाळीच्या पिशव्यांत भरून साठ अंशाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवायचं आणि लगेच गार पाण्यात. औषधाशिवाय रोग मारायची ही रीत. त्या वाफेला गवताचा आणि ओल्या गोणपाटाचा मिळून असा वास येतो, की मी डोळे मिटले तर थेट आमच्या गोठ्यामागच्या न्हाणीत. मग भिजत घालणं. त्याचा हिशोब दिवसांत नसतो, उष्णतेत असतो: रोजच्या पाण्याच्या तापमानाची बेरीज शंभर व्हायला हवी. दहा अंशाचं पाणी असेल तर दहा दिवस. रोज सकाळी कुणीतरी थर्मामीटर बुडवून फळ्यावर आकडा लिहायचा, अकरा, नऊ, दहा, जणू बी पगारातून पैसे साठवतंय. शेवटी ऊब देऊन मोड काढायचे, तेही अगदी मिलिमीटरभर. दाण्याचं टोक फुगून नुसतं पांढरं दिसेल इतके. या अवस्थेला ते 'हातोमुने' म्हणतात, कबुतराची छाती. मी एक दाणा तळहातावर घेऊन पाहिला, खरंच कबुतर छाती काढून उभं असतं तसाच. आमच्याकडे मोड आलेलं बी चिखलावर फेकून पेरतात त्याला 'रहू' म्हणतात. हा शब्द मी पुस्तकात वाचायच्या आधी आजीच्या तोंडून ऐकला होता, हे मला त्या कबुतरामुळे आठवलं.

लावणी जूनमध्ये. तोक्योला लागून असलेल्या कानागावातलं आमचं शेत मोठं चौकोनी, सपाट, बिलियर्डच्या टेबलासारखं, पलीकडे तान्झावाचे डोंगर ढगात. लावणीयंत्र इतकं सरळ चालतं की पाहत राहावं. पण यंत्राला वळायला जागा लागते आणि कोपरे मोकळे राहतात. ते कोपरे हाताने भरायचे, आणि त्यासाठी शेजारच्या शेतातली एक ओबाआसान, म्हणजे आजी, यायची. वय शहात्तर, डोक्याला फुलाफुलांचा टोपडं-रुमाल, पायात अंगठा वेगळा असलेले रबरी बूट. मला तिच्या हाताखाली दिलं. तिने तीन-चार काड्या चिमटीत धरून अंगठा आणि दोन बोटं चिखलात अशी घातली, की मी क्षणभर थांबलेच. ती आईची बोटं होती. मी पण वाकले आणि मागे मागे सरकत लावायला लागले. लहानपणी शाळेला दांडी मारून लावणीला गेलेले दिवस अंगात कुठेतरी शिल्लक असणार, कारण ओळ बरी आली. ओबाआसान म्हणाली, "जोउझु!" म्हणजे छान जमतंय. जपानी माणूस कुणालाही जोउझु म्हणतो हे एव्हाना कळलं होतं, तरी मला झालेला आनंद काही कमी झाला नाही.

"घरी कोण लावतं?" तिने विचारलं.

"आई," मी म्हणाले. या वेळी खरं.

तिचा मुलगा योकोहामाला कचेरीत आहे. शनिवार-रविवारी येऊन यंत्र चालवतो, औषध मारतो, पुन्हा जातो. जपानात कितीतरी ठिकाणी लावणी मे महिन्याच्या सुरुवातीच्या मोठ्या सुट्टीत उरकतात, कारण तेव्हाच मुलं घरी येतात. हे ऐकून मला आमचे चाकरमानी आठवले. फरक एवढाच की ते गणपतीला येतात, तेव्हा शेतात करायला काही नसतं, आणि लावणीला येत नाहीत, जेव्हा सगळंच असतं. २०२०च्या जपानच्या कृषी गणनेत मुख्यत्वे शेतीच करणाऱ्यांचं सरासरी वय ६७.८ निघालं. हा आकडा वर्गात पडद्यावर आला तेव्हा बाकीच्यांनी 'अरे बापरे' असा आवाज काढला. मी मनातल्या मनात आमची वाडी मोजत होते. बावीस घरं, लावणीला वाकणाऱ्यांत साठीच्या आतले तिघं. ओबाआसानच्या बांधापलीकडे एक तुकडा नुसता गवताने भरलेला. तिथे रात्री रानडुकरं येतात म्हणून विजेची तार ओढलेली. माकडं पण येतात म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडेही अगदी हेच दोघं. तिला हे इतकं आवडलं की तिने येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांना बोलावून सांगितलं, भारतातसुद्धा इनोशिशी, म्हणजे रानडुकरं, आहेत म्हणे.

भाताचं उत्पादन जास्त झालं म्हणून १९७०च्या सुमारास जपानी सरकारने लागवड कमी करायला लावली, त्यासाठी शेतकऱ्याला पैसेही दिले, आणि ते धोरण २०१८पर्यंत चाललं. हे मी फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबा म्हणाले, "लावू नका म्हणून पैसे? आमच्याकडं तर लोक फुकटच लावत नाहीत."

जेवणाचं मला सगळे विचारतात, म्हणून सांगते: पहिला महिना तो चिकट भात घशाखाली उतरेना. आमटी कालवायला जावं तर तो गोळा होऊन अलिप्त बसायचा. मग जुलैत ताप आला आणि कॅन्टीनच्या बाईंनी ओकायू करून दिली, वर एक खारट-आंबट लाल उमेबोशी. पहिला घोट घेतला आणि कळलं, ही पेज आहे. लोणच्याच्या फोडीसकट. त्या दिवसापासून माझं त्या भाताशी भांडण मिटलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला विद्यापीठाचा सुगीचा सण. त्यात मुलंमुली दोन्ही हातांत पाल्यासकट एकेक पांढराशुभ्र मुळा घेऊन नाचतात, मोठमोठ्याने गातात, आणि लोक फुकट मुळे घ्यायला रांगा लावतात. मलाही दोन मुळे देऊन रांगेत उभं केलं. विद्यापीठाच्या प्रतिष्ठेचा एवढा आनंदी चुराडा मी दुसरीकडे पाहिला नाही, आणि मला हे आपल्याकडे हवं आहे, आंबे घेऊन नको, नारळ घेऊन तर नकोच, पण काहीतरी घेऊन.

त्याच संध्याकाळी, मुळे खांद्यावर टाकून परतताना, सेन्सेई भेटले. सात महिने मी जे जपानीत जुळवत होते ते एका दमात बोलून टाकलं: एप्रिलमध्ये तुम्ही विचारलंत, भारतात करतात का, मी नाही म्हणाले, ते चूक होतं. माझे वडील करतात. तीन टक्के मीठ.

त्यांनी डोकं खाजवलं. "मी विचारलं होतं?"

त्यांना काहीही आठवत नव्हतं. मी सात महिने ज्या ओझ्याखाली होते ते दुसऱ्या टोकाला कुणी धरलेलंच नव्हतं. मला हसू आलं आणि थोडा रागही. पण पुढच्याच क्षणी त्यांनी खरा प्रश्न विचारला. "तीन टक्के? अंडं नाही तरंगणार त्यात. तीनच का?" मला सांगता येईना. पेपरात कुणी 'का' विचारलं नव्हतं. घरी फोन केला तर बाबा म्हणाले, "कृषी सहायकाने सांगितलान म्हणून." आणि मग, जरा विचार करून, "पण तेवढ्यात निव्वळ पोल वर येतं. जरा भरलेला दाणा खालीच ऱ्हातो. आमास्नी तेवढंच पुरे. घरचं बी, त्यात किती मोडणार?" हे मी सेन्सेईंना सांगितलं. त्यांनी खिशातली छोटी वही काढून लिहून घेतलं. माझ्या बाबांचं वाक्य जपानीत उभ्या ओळीत उतरताना मी पाहिलं, आणि ते नीट भाषांतर झालं की नाही याची मला आजही खात्री नाही.

मार्चमध्ये परतले. जूनमध्ये मी आधीच सांगून ठेवलं, या वर्षी पेरणीला मी घरी असणार, अभ्यास नाही. रोपांच्या जागेचा राब भाजून तयार होता, ढग खाली आलेले, हवेत राखेचा आणि ओल्या मातीचा वास. पडवीत बाबांनी बादली मांडली. मीठ त्यांनी तोललं नाही. एक किलोची पुडी फोडून तिसऱ्या हिश्श्याच्या जरा आत ओतलं आणि पुडीचं तोंड दोऱ्याने बांधलं. मी खुराड्याकडे गेले. तांबड्या कोंबडीने नुकतंच घातलेलं अंडं होतं, अजून गरम. आणून बादलीत सोडलं. ते सरळ तळाला गेलं आणि आडवं होऊन पडलं.

"बुडलं," मी म्हणाले.

"बुडणारच. ताजं हाय," आई आतून म्हणाली. आमच्याकडे तरंगणारं अंडं म्हणजे नासकं, ते फेकतात. हे मी विसरलेच होते.

बाबा काही म्हणाले नाहीत. त्यांनी बियाण्याची पाटी उचलली आणि एका झटक्यात ओतली. वर आलं ते इतकं थोडं, की आईने ते एका ओंजळीत काढून कोंबड्यांपुढे टाकलं. मग बादलीकडे बघत तिने विचारलं, "अंडं काढलंस काय गो?"

नव्हतं काढलं. ते खाली होतं, सगळ्या बियाण्याच्या तळाशी. "फुटलं तर बी चिकट होईल, काढ आधी," ती म्हणाली, आणि मी बाही वर सारून कोपरापर्यंत हात घातला. पाणी कोमट होतं. दाणे बोटांच्या बेचक्यांतून सरकत होते, टोचत होते, आणि अंडं काही हाताला लागत नव्हतं.